शेरा : दगा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. रोज वही लिहिणारी माणसं मला आवडत नाहीत. आपण काय जेवलो हेसुद्धा जगाला कळायला हवं असं त्यांना वाटतं. पण ही वही कामाची आहे. आज दुपारी बारा वाजता आमच्या कामगार आरोग्य निधीची नवी व्यवस्था सुरू झाली आणि ती मी उभी केली. पुढे श्रेय घ्यायला दहा जण उभे राहतील, म्हणून तारीखवार लिहून ठेवलेलं बरं.

व्यवस्था साधी आहे. निधीचे अकरा हजार कार्डधारक, मिल कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. त्या सगळ्यांची एकच मूळ प्रत सुरतेत, उधन्याच्या आमच्या ऑफिसात. बमरोली, पलसाणा आणि कतारगामच्या दवाखान्यांत तिच्या नकला. मूळ प्रतीत काही बदललं की दहा मिनिटांत तिन्हीकडे तसंच दिसतं. दवाखान्यांनी फक्त वाचायचं. लिहायचा हक्क एकट्या माझा. पूर्वी तीन दवाखान्यांच्या तीन याद्या होत्या आणि तिन्हींत जो तो खाडाखोड करायचा. एकाच माणसाची तीन कार्डं निघायची, मेलेली माणसं औषध घेऊन जायची. आता ज्याचं नाव पडद्यावर, त्याचंच औषध स्टोअरमधून निघतं. नाव नाही तर काही नाही.

बमरोलीच्या डायलिसिस विभागाच्या मुख्य सिस्टर केशरबाई यांना हे पटलेलं नाही. फोनवर म्हणाल्या, "गजेंद्रभाऊ, डोळ्यासमोर चूक दिसली तरी आम्ही सुधारायची नाही का?" मी म्हटलं, मला फोन करायचा. तुम्ही नसलात तर, असं त्यांनी विचारलं. मी असतोच, असं मी सांगितलं.

माझ्या वडिलांना, आबांना, आज डायलिसिसच्या सकाळच्या पाळीला बमरोलीला पोचवलं. सोम, बुध, शुक्र, चार-चार तास. केशरबाईंनी "दिनेशभाई" अशी दोनदा हाक मारली तरी आबा बाकावर ढिम्म. मी कोपराने ढोसलं तेव्हा उठले. कान तपासून घ्यायला हवेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवस सार्थकी लागला.

सोमवारपासून देणगीदारांची माणसं पडताळणीला येणार आहेत. आमचे सेक्रेटरी बन्सीलालभाई सकाळीच म्हणाले, त्याच्या आत बोगस कार्डं काढून टाका. माझ्या आधी याद्या सांभाळणारा ऑपरेटर बनारसचा होता. कार्डाचा संशय आला की तो नोंदीवर "दगा" असा शेरा मारून ठेवायचा आणि पुढे काहीच करायचा नाही. शिस्त नावाची गोष्ट नाही. शेरा कधी शेऱ्याच्या रकान्यात, कधी पत्त्यात, दोन ठिकाणी तर चक्क नावाला चिकटवलेला. म्हणून मी नोंदीच्या सगळ्या रकान्यांत शोध लावला. जिथे "दगा" दिसेल ती नोंद बाद.

वीस-बावीस निघतील असा अंदाज होता. निघाल्या त्रेसष्ट. बन्सीलालभाईंनी कपाळाला हात लावला. एकेक उघडून बघायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. शब्द एक, अर्थ एक. चार वाजता काढून टाकल्या. चार वाजून दहा मिनिटांनी तिन्ही दवाखान्यांतून गेल्या. काढलेल्या नोंदी छापून बन्सीलालभाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी खालचा आकडा पाहिला आणि सही केली. एक प्रत माझ्या खणात आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी केशरबाईंचा फोन. मागे मशीनची घरघर, अर्धं ऐकू येईना. त्यांनी विचारलं, "भाऊ, यादीत दगा दिसत नाही. गेला का?"

मी म्हटलं, "गेला. काल चार वाजता."

त्या म्हणाल्या, "मला कोणी सांगितलंसुद्धा नाही."

मी सांगितलं की आता सांगायची पद्धतच नाही, तुम्हाला आपोआप दिसेल. "बिचारा," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन ठेवला. बाईंना बोगस कार्डांचीही दया येते. अशाने निधी चालत नसतो.

पलसाण्याहूनही दोन फोन आले, नाव नाही म्हणून माणसं तंडताहेत. दोघंही खानदेशचीच. आपल्याच लोकांनी अशी कार्डं काढावीत याची लाज वाटते. बन्सीलालभाईंसमोर मान खाली जाते.

१० फेब्रुवारी, सोमवार

पडताळणी सुरू झाली. गुरुवार वीस तारखेपर्यंत मूळ प्रतीला कुलूप. तोवर मीसुद्धा त्यात काही लिहू शकत नाही, फक्त वाचू शकतो. कुलपाची किल्ली बन्सीलालभाईंच्या फोनवर. पद्धत योग्यच आहे.

दुपारी घरी आलो तर आबा न्हाणीघराबाहेर ओल्या धोतराने बसलेले. डायलिसिसहून आले आणि डोक्यावरून पाणी घेतलं म्हणे. माझी बायको सुषमा घाबरून गेली होती. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "धाकला गया."

धाकलाकाका म्हणजे आबांचा जोडीदार. दोघं एकाच गावचे, एकाच वर्षी सुरतेत आले, पंचवीस वर्षं डाईंगच्या एकाच मशीनवर उभे राहिले. आबांना सगळे मोठा म्हणायचे, त्यांना धाकला. मीही लहानपणापासून धाकलाकाकाच म्हणतो, त्यांच्या खऱ्या नावाशी कधी कामच पडलं नाही. बायको वारली, मूलबाळ नाही, बमरोलीत एका खोलीत एकटे असतात. दोघांच्या किडन्याही पाठोपाठच गेल्या. त्यांची पाळी मंगळ, गुरू, शनी. मागच्या शुक्रवारी गावी लग्नाला गेले, शनिवारची पाळी चुकवून. किती वेळा बजावलं होतं. आज केशरबाईंनी आबांना सांगितलं की ते गेले.

गावाला फोन लावला, लागत नाही. केशरबाईंना हे कोणी कळवलं ते विचारायला हवं. आबा जेवले नाहीत. माझ्या पहिल्या सायकलची सीट धरून हाच माणूस बमरोलीच्या रस्त्यावर धावला होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सात वाजता केशरबाईंचा फोन आला. त्या ओरडत नव्हत्या. हळू बोलत होत्या, तेच वाईट होतं.

"दगा जिवंत हाये, भाऊ. माझ्या समोर उभा हाये. पाय सुजून खांबासारखे झालेत. तुम्ही गेला म्हणालात म्हणून मी त्याची मशीन वेटिंगमधल्या बाईला देऊन टाकली. आता याचं नावच नाही पडद्यावर, डायलिसिसचं किट कुठून काढू?"

कोण दगा, असं मी विचारलं. माझ्या तोंडून ते गेलं खरं. आणि ते शब्द बाहेर पडतानाच मला कळलं.

धाकलाकाकांचं नाव दगा उखा पाटील. खणातली यादी काढली. त्रेसष्टांपैकी बावीस नोंदींवर बनारसवाल्याचा शेरा. उरलेल्या एकेचाळीस माणसांचं नाव दगा आहे, नाहीतर बापाचं, नाहीतर नवऱ्याचं. दगा वामन. चंचल दगा. सरलाबाई दगा. इन्सुलिनवाले, क्षयाचे, डायलिसिसचे. मी सही घेऊन काढून टाकलेले.

हे नाव मला ठाऊक नव्हतं असं मी कोणाला सांगू शकत नाही. माझ्या बापाचं नाव दगा आहे. आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला दगडावरून दगा नाव देतात, म्हणजे मृत्यू त्याला उचलून बघणार नाही. आबांच्या आधी चार गेली, धाकलाकाकांच्या आधी तीन. दोघं एकाच पावसाळ्यात जन्मले, दोघांना एकच नाव ठेवलं आणि तीन महिन्यांच्या फरकाने एक मोठा झाला, एक धाकला. सुरतेत त्या नावाचा अर्थ वेगळा होतो. गल्लीतली पोरं मला "दगानो दीकरो" म्हणायची. फसवणुकीचा मुलगा. दहावीच्या फॉर्मवर मी बापाचं नाव दिनेश लिहिलं आणि आबांसमोर सहीला ठेवलं. त्यांनी सही केली. पुढे रेशनकार्ड, आधार, निधीचं कार्ड, सगळीकडे मीच दिनेश करून घेतलं. एकही जागा सोडली नाही. तीस वर्षांत ते नाव इतकं पुसलं की ते नाव आहे हेच विसरलो.

म्हणून आबांची नोंद वाचली. दिनेश होती ना.

गुरुवारचा बॅकअप सापडेल म्हणून धावलो. नव्या व्यवस्थेत बॅकअप रोज जुन्यावर चढतो. जागा वाचावी म्हणून तशी सोय मीच लावली आहे. तिन्ही नकलांत शोधलं. कुठेच काही नाही. सांगितलं तेवढं त्यांनी चोख केलं.

दुपारी धाकलाकाकांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे बाकावर आधीच अठरा माणसं. त्यांनी पुढच्या मंगळवारची तारीख दिली, सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. खासगीत विचारलं तर रक्ताचे रिपोर्ट मागितले. ते रिपोर्ट नोंदीला जोडलेले होते, नोंदीबरोबर गेले. नव्याने रक्त दिलं, शनिवारी दुपारी मिळतील. रिक्षात काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अहिराणीत म्हणाले, तू कशाला घाबरतोस, साहेबांनी नाव काढलं तर काही कारण असेल. मी काढलं हे मी सांगितलं नाही.

संध्याकाळी आबांना मात्र सांगितलं. मी विचारलं, सिस्टर हाक मारतात तेव्हा तुम्ही उठत का नाही. आबा म्हणाले, "माले ऐकू येस. ते नाव मन्हं नही."

१२ फेब्रुवारी, बुधवार

बन्सीलालभाईंच्या केबिनबाहेर पाऊण तास उभा राहिलो. आत जाऊन खरं सांगायचं होतं, की एकेचाळीस माणसं मी चुकून मारली. सांगितलं ते असं, की तांत्रिक कारणाने एक नोंद गळली आहे, पेशंट गंभीर आहे, कुलूप पाच मिनिटं उघडाल का. भित्रा तो भित्राच. सतरा वर्षांची नोकरी, मुलगी नर्सिंगला, हे सगळं जिभेवर येऊन बसलं.

माणूस चांगला आहे. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले की पडताळणीच्या मध्ये एक नाव वाढलं तर देणगीदार म्हणतील, आधी काढायचं नाटक केलं आणि मागल्या दाराने भरलं. मग तीन दवाखाने बंद पडतील. वीस तारखेनंतर एक काय, शंभर घाला. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणाले. डायलिसिसच्या माणसाला आठ दिवस म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे आणि मी चहा पिऊन बाहेर आलो.

आबा आज एकटेच रिक्षाने बमरोलीला गेले, मला येऊ दिलं नाही. संध्याकाळी बघितलं तर हाताला सुईच्या जागी पट्टी नव्हती. नेहमी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात. वाटेतच काढून टाकली असेल, आजकाल फार हट्टी झालेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ऑफिसला जाण्याआधी धाकलाकाकांच्या खोलीवर गेलो. पायांची सूज बरीच उतरली आहे, श्वासही मोकळा. सरकारी गोळ्यांनी गुण दिला म्हणायचा. जिवात जीव आला. मी एवढा आनंद दाखवला तरी ते माझ्याकडे बघेनात.

दुपारी पलसाण्याहून सरलाबाई नावाची बाई थेट ऑफिसात आली. इन्सुलिन पाच दिवस बंद आहे. तिचा नवरा दगा, गेल्या वर्षी वारला. मी पडदा तिच्याकडे फिरवून दाखवला की नाव नाही. ती म्हणाली, मला वाचता येत नाही, तुम्ही बघा. मी खिशातून दुकानातल्या इन्सुलिनपुरतं दिलं आणि तिला घाईने जिन्यापर्यंत पोचवलं, बन्सीलालभाई बघतील म्हणून.

आबांना आज धाप लागते आहे. उशी दोनाची तीन केली. कालच तर डायलिसिस झालं, मग एवढी धाप का? थंडी असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मी मूर्ख आहे. हे आधी लिहितो, बाकीचं नंतर.

बुधवारी आबा मशीनवर बसलेच नाहीत. स्वतःचं कार्ड देऊन त्यांनी धाकलाकाकांना बसवलं आणि चार तास बाहेर बाकावर बसून राहिले. केशरबाईंना ठाऊक होतं. त्यांना पडद्यावर काही लिहिता येत नाही, पण बघून न बघितल्यासारखं करता येतं, तेवढं त्यांनी केलं. पट्टी नव्हती. सूज एकाची उतरली, धाप दुसऱ्याला लागली. हे सगळं मी दोन दिवस या वहीत माझ्याच हाताने लिहिलं आणि मला कळलं नाही.

आज पुन्हा तेच. काका दिनेशच्या कार्डावर मशीनवर आणि आबा बाहेर. दोन तास झाले असतील, पडताळणीवाला यादी घेऊन बमरोलीत आला. दिनेश पाटील कौन, असं त्याने दोनदा विचारलं. काका उत्तर देईनात. मग त्याने मशीनपाशी जाऊन नाव विचारलं. काकांनी आयुष्यात खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांनी खरं नाव सांगितलं.

बन्सीलालभाईंनी मला बोलावून तो अहवाल वाचून दाखवला. दुसऱ्याच्या कार्डावर उपचार. त्याच्याखाली, पेशंटने स्वतः कबुली दिली. पडताळणीवाला तिथेच बसला होता, हसून म्हणाला, "नाम पूछा तो खुद ही बोलता है, दगा."

काकांना अर्ध्यातूनच मशीनवरून उतरवलं होतं.

तेव्हा मी सगळं सांगितलं. शोध, त्रेसष्ट, एकेचाळीस, माझ्या बापाचं नाव. बन्सीलालभाईंना विश्वास बसला असं मला वाटतं. पण पडताळणीवाल्यासमोर ते म्हणाले की उद्या अकरा वाजता दहा मिनिटं कुलूप उघडीन, फक्त एका नोंदीसाठी. दिनेश पाटीलच्या कार्डावर "दगा" असा शेरा मारून ते बंद करायचं. आणि ते तुमच्याच हाताने, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको.

घरी आबांना विचारलं, असं का केलंत. बोलायला दम पुरत नव्हता. म्हणाले, "त्यान्या दोन पाळ्या गयात. मन्ह्याबी दोन जाऊ दे."

खासगी तीन ठिकाणी फोन केले. उद्या दुपारी चारनंतर मशीन, तेही झालं तर. आबांना दवाखान्यात भरती करू म्हटलं तर त्यांनी खाटेची दांडी धरून ठेवली. धाकला जिथे, तिथेच मी, हे एकच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी साडेनऊला दोघांना रिक्षात घालून बमरोलीच्या बाकावर बसवलं. सुषमा त्यांच्यापाशी थांबली. मी उधन्याला आलो. छापलेली यादी टेबलावर उघडून ठेवली. कोणाला आधी घ्यायचं त्याचे आकडे पेन्सिलीने टाकले होते. डायलिसिसचे आधी, मग इन्सुलिन, मग क्षय, बाकीचे मागून.

अकराला कुलूप उघडलं. पहिली नोंद धाकलाकाकांची केली, दगा उखा पाटील, कार्ड नंबर, केंद्र, उपचार. एका नोंदीला पाऊण मिनिट लागत होतं. सरलाबाई दगा. चंचल दगा. बोटं चुकत होती, पुसून पुन्हा. टेबलावरचा फोन वाजायला लागला, बन्सीलालभाईंचा, त्यांना त्यांच्या फोनवर दिसत असणार. उचलला नाही. नववी नोंद, दहावी. फोन थांबला. त्यांनी कुलूप लावलं नाही. हे मी त्यांच्या नावावर लिहून ठेवतो, ते लावू शकले असते.

बारा नोंदी झाल्या तेव्हा एक मिनिट उरलं होतं. आबांची नोंद उघडली. सांगितलेला शब्द घातला, फक्त रकाना बदलला. शेरा कोराच ठेवला आणि नावातला दिनेश खोडून तिथे दगा लिहिलं. दगा मगन पाटील. मग पडदा गोठला. एकोणतीस माणसं बाहेरच राहिली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी केशरबाईंचा फोन आला. दोन्ही नावं दिसताहेत म्हणाल्या. "पण भाऊ, मशीन एकच रिकामी हाये. दुसरी तीन वाजता. डॉक्टर बारानंतर येणार. मोठे सोमवारपासून बसलेले नाहीत. धाकल्याच्या दोन पाळ्या गेल्या आणि काल अर्ध्यात उतरवला. दोघंही निळे पडलेत. मी हाक मारते तर एकमेकांना जा म्हणतात, कोणीच उठत नाही. कोणाला बसवू?"

मी गोठलेल्या पडद्याकडे बघितलं.

त्या म्हणाल्या, "यादीत उखा वर हाये, मगन खाली. यादीप्रमाणे धाकल्याला घेते."

मी म्हणालो, "नाही. आबांना बसवा."

१७ फेब्रुवारी, सोमवार

धाकलाकाका शनिवारी अडीच वाजता बाकावरच कलंडले. सुषमाचा हात त्यांच्या हातात होता. तीन वाजता त्यांच्या नावाचं किट स्टोअरमधून निघालं, कार्ड चालत होतं. काल सकाळी त्यांना आम्ही स्मशानात पोचवून आलो. नातं विचारलं तेव्हा मी पुतण्या असं लिहिलं. वय, पत्ता, नाव, सगळं मला पाठ होतं.

आबांची धाप शनिवारी संध्याकाळीच उतरली. आज पाळीला नेलं. केशरबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना कामावरून कमी केलं तर आश्चर्य नाही, मला तर केलंच आहे. बन्सीलालभाईंनी चिठ्ठी शिपायाकरवी पाठवली. उरलेल्या एकोणतीस जणांची छापील यादी माझ्याकडे आहे. तिच्यातल्या सहा घरी काल जाऊन आलो. दोघांनी दार लावून घेतलं.

घरी आल्यावर आबा खाटेवर बसले. मी त्यांच्या हाताची पट्टी नीट करत होतो. दोन दिवस ते काकांविषयी एक अक्षर बोलले नव्हते. आज विचारलं, "सिस्टरनी तुले इचारं तव्हय तू काय सांगं?"

मी म्हणालो, "मी काय सांगणार, आबा. यादीत तुमचं नाव वर होतं."

आबांनी हात माझ्या हातातून काढून घेतला.

"यादी ते तूच करस," म्हणाले.